श्वसनसंसर्गाचे रिपोर्ट कसे वाचावेत : दाह किती, विषाणू किती आणि आजाराचा दिवस कितवा

ताप-खोकल्याच्या रुग्णाचे रक्त तपासून सीआरपी, ईएसआर, फेरिटिन, डी-डायमर असे आकडे मागवणे आता तालुक्याच्या गावीही सहज होते. रिपोर्ट मोबाइलवर येतो, त्यातले मर्यादेबाहेरचे आकडे ठळक छापलेले असतात आणि घरातली मंडळी नेमकी त्याच आकड्यांवर बोट ठेवून घाबरतात. कोविडच्या काळात तर आरटी-पीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करून घेणारी आणि सीआरपी वाढला म्हणून स्वतःच स्टेरॉइड सुरू करणारी कुटुंबे आपल्या आसपास होती. या चुका अज्ञानापेक्षा एका गैरसमजातून झाल्या. रक्तातला दाह (संसर्गाविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया, इंग्रजीत इन्फ्लमेशन) आणि नाका-घशातला विषाणू एकाच वेळी चढतात आणि एकाच वेळी उतरतात, असा तो गैरसमज होता. प्रत्यक्षात दोघांची वेळापत्रके वेगळी असतात आणि ती वेगवेगळी वाचता आली, तरच रिपोर्टचा उपयोग होतो. उपचार ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. पण रिपोर्ट नीट लावून, योग्य प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोर जाणे रुग्णाच्या कुटुंबाला निश्चितच जमू शकते.

रिपोर्ट उघडण्याआधी तारीख लिहा

कोणताही आकडा पाहण्यापूर्वी कोऱ्या कागदावर पहिले लक्षण जाणवल्याची तारीख लिहावी आणि तो आजाराचा पहिला दिवस धरावा. पॉझिटिव्ह रिपोर्टची तारीख किंवा रुग्णालयात भरती झाल्याची तारीख म्हणजे आजाराची सुरुवात नव्हे. अंग मोडून आले होते, घसा खवखवत होता, तरी कामावर गेलो, असे रुग्ण म्हणत असेल, तर तोच पहिला दिवस होय. वयस्कर माणसांना अनेकदा ताप येतच नाही. जेवण तुटणे, झोपून राहणे, बोलण्यात विसंगती येणे हीच त्यांची सुरुवातीची लक्षणे असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत घरच्यांनी आठवून सांगितलेली तारीख अधिक खरी ठरते.

त्यानंतर प्रत्येक रिपोर्टवर नमुना कधी घेतला ते शोधावे. बहुतेक रिपोर्टच्या वरच्या भागात नमुना घेतल्याची वेळ आणि रिपोर्ट छापल्याची वेळ अशा दोन नोंदी असतात आणि नजर सहसा दुसरीवर जाते. शनिवारी संध्याकाळी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट सोमवारी हाती आला, तर तो शनिवारचीच स्थिती सांगतो. कागदावर उभे रकाने आखून दिवस, नमुन्याची वेळ, चाचणी, आकडा, एकक, त्या वेळचा ताप आणि त्या वेळचे ऑक्सिजनचे प्रमाण एवढ्या नोंदी केल्या, की फाइलमधल्या विखुरलेल्या कागदांना अर्थ येऊ लागतो. त्या दिवशी कोणती औषधे चालू होती, हा रकाना मात्र विसरू नये. त्याचे महत्त्व पुढे येईलच.

हा दिवस इतका महत्त्वाचा का, हे कोविडवरून सर्वांत स्पष्ट कळते. त्या आजारात नाका-घशातला विषाणू लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि नंतर ओसरत जातो, तर ज्यांचा आजार गंभीर होतो त्यांच्यात दाह बहुधा दुसऱ्या आठवड्यात चढतो. फ्लूमध्ये सगळेच वेगाने घडते : प्रौढ माणूस लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकतो आणि लहान मुले त्याहून अधिक काळ टाकू शकतात. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियात सीआरपी एक-दोन दिवसांतच मोठी उडी घेतो. म्हणजे सीआरपी चाळीस आहे, एवढ्या वाक्याला स्वतःचा असा अर्थ नाही. तो दुसऱ्या दिवशी चाळीस आहे की नवव्या दिवशी, यावर अर्थ ठरतो.

सीआरपी

दाह मोजणाऱ्या चाचण्यांपैकी एकच नीट समजून घ्यायची असेल, तर सीआरपी घ्यावी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात हे प्रथिन आढळले. न्यूमोकॉकस जंतूच्या पेशीभित्तिकेतील सी नावाच्या शर्करेशी ते जोडले जात असे, म्हणून त्याला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणतात. शरीरात कुठेही दाह सुरू झाला, की इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक रेणू यकृतापर्यंत पोहोचतो आणि यकृत हे प्रथिन तयार करू लागते. सुमारे सहा तासांत पातळी चढायला लागते, दर आठ तासांच्या आसपास ती दुप्पट होऊ शकते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. रक्तातून ते निघून जाण्याचा वेग मात्र आजार कोणताही असो, जवळजवळ तोच राहतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ, सुमारे १९ तासांचा आहे. त्यामुळे रक्तातला आकडा केवळ यकृत किती वेगाने हे प्रथिन बनवत आहे, म्हणजेच दाहाचा रेटा किती आहे, एवढेच सांगतो.

या गतीवरून वाचनाचे दोन नियम आपोआप निघतात. पहिला असा की थंडी वाजून ताप आल्यावर चार तासांत काढलेला सीआरपी सामान्य आला, तरी त्यावर विसंबू नये, कारण त्याला चढायला अजून वेळच मिळालेला नसतो. दुसरा असा की सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा सीआरपी काढून काहीच हाती लागत नाही. रुग्णालयात दाखल असलेल्या मध्यम स्वरूपाच्या कोविड रुग्णांसाठी एम्स आणि आयसीएमआरच्या २०२१ च्या उपचारसूत्रात सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांच्या अंतराने करावेत असे म्हटले होते. हेच अंतर इतर श्वसनसंसर्गांतही शहाणपणाचे आहे.

आता एकक. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि या दोहोंत दहा पटींचा फरक आहे. एका प्रयोगशाळेतला ४.८ आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतला ४८ हे दोन्ही आकडे एकाच पातळीचे असू शकतात. लॅब बदलल्यावर सीआरपी दहापट वाढलेला दिसला, तर घाबरण्याआधी आकड्याशेजारचे एकक आणि त्यापुढची सामान्य मर्यादा पाहावी : मर्यादा ५ किंवा ६ च्या आसपास छापली असेल, तर एकक प्रति लिटर आहे आणि ०.५ किंवा ०.६ असेल, तर प्रति डेसिलिटर. शक्य असेल तर आजारपणात सर्व चाचण्या एकाच प्रयोगशाळेतून कराव्यात. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी नावाची तपासणी हृदयविकाराच्या जोखमीसाठी असते. ताप-खोकल्यात ती मागवण्याची गरज नाही आणि तिच्या मर्यादाही इथे लागू होत नाहीत.

किती म्हणजे जास्त? साध्या विषाणूजन्य सर्दी-खोकल्यातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी १० ते ६० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत जाऊ शकतो आणि आठवड्याभरात उतरतो. फ्लू आणि ॲडिनोव्हायरस यांच्यात तो याहूनही वर जातो. त्यामुळे चौथ्या दिवशीच्या पन्नासवरून जंतू शिरले, अँटिबायोटिक हवे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. पण खोकला सातव्या-आठव्या दिवशी असताना आकडा तसाच चढा असेल किंवा वाढत असेल, तर ती गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ च्या न्यूमोनियाविषयक मार्गदर्शिकेत डॉक्टरांना एक ढोबळ चौकट दिली होती : तपासणीनंतरही न्यूमोनियाबद्दल शंका असेल आणि सीआरपी २० च्या खाली असेल तर सहसा अँटिबायोटिक देऊ नये, २० ते १०० च्या दरम्यान असेल तर लक्षणे वाढल्यासच घ्यायची चिठ्ठी द्यावी, आणि १०० च्या वर असेल तर औषध द्यावे. या चौकटीत आकडा निदानाची जागा घेत नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून झाल्यावर उरलेली शंका तो कमी करतो. मला ही मांडणी आदर्श वाटते, कारण तिच्यात चाचणीचा क्रम तपासणीनंतर येतो.

एकट्या आकड्यापेक्षा उतार अधिक बोलतो. न्यूमोनियाचे उपचार सुरू झाल्यावर चौथ्या दिवसापर्यंत सीआरपी निम्म्यावर आला नाही, तर गुंतागुंतीचा धोका वाढलेला असतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. अशा वेळी औषध चुकीचे आहे का, छातीत पू किंवा पाणी साठले आहे का, आजार मुळात दुसराच आहे का, हे डॉक्टर पुन्हा तपासतात.

सीआरपी फसवतोही. स्टेरॉइड घेतले, की संसर्ग जागेवर असतानाच तो खाली येऊ शकतो. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-६ चा मार्गच अडवते, त्यामुळे ते दिलेल्या रुग्णात नवा जिवाणूसंसर्ग झाला, तरी सीआरपी शांत राहू शकतो. यकृत फारच खराब असेल, तर प्रथिन बनतच नाही. उलट लठ्ठपणा आणि धूम्रपान यांमुळे आजार नसतानाही तो किंचित चढा असतो, आणि संधिवात, दातातला पू किंवा अलीकडची शस्त्रक्रिया यांमुळे छातीशी संबंध नसताना तो बराच वर जातो. औषधांचा रकाना ठेवायला सांगितले ते याचसाठी.

बाकीचे आकडे

ईएसआर स्वस्त आहे आणि जुना आहे. लाल पेशी उभ्या नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात एवढेच तो मोजतो. तो सावकाश चढतो आणि आजार बरा झाल्यावरही कित्येक आठवडे उतरत नाही. रक्तक्षय, गर्भारपण, वाढते वय या सर्वांनी तो वाढतो. तीव्र संसर्गात त्याचा पाठपुरावा करण्यात अर्थ नाही आणि केवळ वाढलेल्या ईएसआरवरून क्षयरोगाची शंका पक्की करणे तर धोक्याचे आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते आणि खरे उत्तर तीच देते.

प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूसंसर्गाकडे अधिक झुकलेला आहे. तो काही तासांतच चढतो, त्याचा अर्धायुकाल सुमारे २४ तासांचा असतो आणि विषाणूसंसर्गात शरीर जे इंटरफेरॉन बनवते त्याने तो दबलेला राहतो. पातळी ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असल्यास जिवाणूंची शक्यता कमी, असा संकेत त्यातून घेतला जातो. तरीही क्ष-किरणात न्यूमोनिया दिसत असताना केवळ हा आकडा कमी आहे म्हणून सुरुवातीचे अँटिबायोटिक रोखू नये, असे अमेरिकेतील छातीविकार आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट म्हटले. त्याचा खरा उपयोग अँटिबायोटिक कधी थांबवावे हे ठरवताना होतो. मूत्रपिंडाच्या आजारात आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो उगाच वाढलेला दिसतो.

डी-डायमर रक्तातली गुठळी विरघळताना सुटणारा अंश मोजतो. त्याची एकके सीआरपीपेक्षाही गोंधळाची आहेत : एका पद्धतीत फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या तुलनेत मोजतात आणि दुसऱ्या पद्धतीत थेट डी-डायमर मोजतात, पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. शिवाय नॅनोग्रॅम की मायक्रोग्रॅम हा प्रश्न उरतोच. वयाबरोबर तो स्वाभाविकच वाढतो, म्हणून पन्नाशीनंतर नेहमीच्या ५०० ऐवजी वयाला दहाने गुणून मर्यादा धरण्याची पद्धत आहे, म्हणजे सत्तर वर्षांच्या आजींसाठी ७००. ही मर्यादा फायब्रिनोजेन-एककातल्या नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरसाठीच आहे. एकट्या डी-डायमरवरून रक्त पातळ करण्याची गोळी घरी सुरू करणे कधीही योग्य नाही.

फेरिटिन हे लोहाचे कोठार आहे आणि दाहात वाढते. पण आपल्याकडे ज्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता आधीपासून असते, त्यांचा फेरिटिन आजारात वाढूनही सामान्य मर्यादेतच दिसू शकतो. एलडीएच पेशींची मोडतोड सांगतो, परंतु रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, तर खोटाच वाढतो. इंटरल्युकिन-६ महाग आहे, झपाट्याने बदलतो, आणि टोसिलिझुमॅब दिल्यावर रक्तात वाढलेला दिसतो. तेव्हा औषध निकामी ठरले असे समजू नये.

या सगळ्या महागड्या यादीच्या तुलनेत साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अनेकदा अधिक उपयोगी पडते. तिच्यात टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्या पाहावी. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या प्रति मायक्रोलिटर १,००० च्या खाली सतत राहिली, तर विषाणूजन्य आजार अवघड वळणावर असू शकतो. स्टेरॉइड सुरू केल्यावर मात्र न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, म्हणून त्यानंतरच्या सीबीसीवरून संसर्ग वाढला असे ठरवता येत नाही.

विषाणू गेला का?

आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय साहित्याचा तुकडा शोधते. तो विषाणू जिवंत आहे की त्याचे अवशेष उरले आहेत, हे तिला कळत नाही. जिवंत विषाणू ओळखायचा तर तो पेशींवर वाढवून पाहावा लागतो आणि ते काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळांतच होते. म्युनिकमधील नऊ रुग्णांचा जो अभ्यास २०२० मध्ये नेचर या नियतकालिकात आला, त्यात आजाराच्या आठव्या दिवसानंतर एकाही नमुन्यातून विषाणू वाढवता आला नाही, जरी पीसीआरमध्ये तो पुढेही भरपूर दिसत होता. दक्षिण कोरियाने त्याच वर्षी बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांच्यापासून इतरांना लागण झाल्याचे आढळले नाही आणि ज्या १०८ जणांचे नमुने वाढवून पाहिले, त्यांपैकी कोणातही जिवंत विषाणू मिळाला नाही.

सीटी व्हॅल्यू म्हणजे नमुन्यातला तुकडा यंत्राला दिसण्यासाठी तो किती वेळा दुप्पट करावा लागला याची संख्या. आकडा जितका लहान, तितका विषाणू अधिक. साधारण ३.३ चक्रांचा फरक म्हणजे दहा पट आणि दहा चक्रांचा फरक म्हणजे सुमारे हजार पट. पण स्वॅब वरवर घेतला, नमुना उन्हात राहिला किंवा किट बदलले, तरी हा आकडा हलतो, म्हणून दोन वेगळ्या प्रयोगशाळांच्या सीटी व्हॅल्यूंची तुलना करू नये. आयसीएमआरने ऑगस्ट २०२० मध्येच आजाराची तीव्रता या आकड्यावरून ठरवू नये असे सांगितले होते. एप्रिल २०२१ मध्ये पॉझिटिव्हची मर्यादा ३५ वरून २४ पर्यंत खाली आणावी का, असा प्रश्न महाराष्ट्रातून विचारला गेला, तेव्हा त्यामुळे अनेक संसर्गजन्य रुग्ण सुटतील, या कारणाने आयसीएमआरने नकार दिला. ही व्हॅल्यू आणि छातीच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकी दिला जाणारा स्कोअर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही आकडे एकाच संदेशात कळवताना नावासकट लिहावेत.

या समजुतीवरूनच विलगीकरणाचे नियम बदलले. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम कोविड रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी निगेटिव्ह चाचणीची अट काढून टाकली आणि दिवस व ताप यांवर निर्णय सोपवला. जानेवारी २०२२ पासून गृहविलगीकरण सात दिवसांवर आले, शेवटचे सलग तीन दिवस ताप नसण्याच्या अटीसह. इतर श्वसनविषाणूंनाही हेच तत्त्व लागू पडते. एकाच स्वॅबमधून अनेक विषाणू शोधणारी पॅनेल चाचणी केली, तर ऱ्हायनोव्हायरस सर्दी संपल्यावरही दोन-तीन आठवडे सापडू शकतो, आणि लहान मुलांत तर काही लक्षण नसतानाही. तो सापडला म्हणून आजच्या तापाचे कारण तोच, असे म्हणता येत नाही. संसर्ग अजून पसरू शकतो का, एवढाच प्रश्न असेल, तर रॅपिड अँटिजेन चाचणी पीसीआरपेक्षा अधिक व्यवहार्य उत्तर देते, कारण ती विषाणू भरपूर असतानाच सहसा पॉझिटिव्ह येते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अवयव प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे किंवा रिटुक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेले रुग्ण जिवंत विषाणू कित्येक आठवडे, क्वचित महिनोन्‌महिने बाहेर टाकू शकतात. त्यांच्यासाठी दिवस मोजून विलगीकरण संपवू नये; पुन्हा चाचणी, सीटी व्हॅल्यूचा कल आणि तज्ज्ञांचा सल्ला हे सर्व लागते.

एका रुग्णाचा तक्ता

वाचनाचा सराव म्हणून बावन्न वर्षांचा, मधुमेह असलेला एक काल्पनिक कोविड रुग्ण घेऊ. दुसऱ्या दिवशी सीटी व्हॅल्यू १९, सीआरपी ८ मिलिग्रॅम प्रति लिटर, ऑक्सिजन ९८. पाचव्या दिवशी ताप उतरलेला, सीआरपी ३४, ऑक्सिजन ९७. आठव्या दिवशी ताप परत, सीआरपी ९६, लिम्फोसाइट ८००, ऑक्सिजन ९२ आणि सीटी व्हॅल्यू २९. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी सीआरपी ४१, बाराव्या दिवशी १२. चौदाव्या दिवशी ऑक्सिजन काढलेला, चालताना ९५, आणि आरटी-पीसीआर अजूनही पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू ३३.

आठव्या दिवसाची ओळ पुन्हा वाचावी. दुसऱ्या दिवसाच्या तुलनेत विषाणू सुमारे हजार पटींनी कमी झाला आहे आणि नेमक्या त्याच दिवशी रुग्णाची प्रकृती सर्वांत वाईट आहे. केवळ सीटी व्हॅल्यू पाहणारा नातेवाईक त्या दिवशी निश्चिंत झाला असता. पाचव्या दिवशीचा ३४ हा आकडा मर्यादेपेक्षा पाच-सहा पट असूनही ऑक्सिजन चांगला असल्यामुळे त्यावर काही करायचे नव्हते, फक्त ऑक्सिजन नियमित मोजत राहायचे होते. बाराव्या दिवशीचा १२ हा दिलासा अर्धा औषधाचा आहे, म्हणून त्याच्याबरोबर ऑक्सिजनही सुधारतो आहे का, हे पाहावे लागते. आणि चौदाव्या दिवशीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट काढण्याचीच गरज नव्हती.

आकड्यावर स्टेरॉइड सुरू करण्याचा धोका

डेक्सामेथासोनचा फायदा दाखवणाऱ्या ब्रिटनमधील रिकव्हरी या औषधचाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले आणि ऑक्सिजनवरील रुग्णांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र कोणताही फायदा दिसला नाही. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण औषध घेतलेल्यांतच थोडे जास्त होते. त्याच चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी निवड करताना सीआरपी ७५ किंवा त्याहून अधिक असण्याबरोबरच ऑक्सिजन कमी असणेही आवश्यक धरले होते. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या पुराव्यातही एकट्या सीआरपीवर औषध दिलेले नाही.

मे २०२१ मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात दाहदर्शक चाचण्या आणि सीटी स्कॅन करू नयेत, त्यातून अनावश्यक उपचार होतात, असे जाहीरपणे सांगितले होते. त्याच महिन्यांत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण मोठ्या संख्येने पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड हे त्यामागचे ठळक घटक होते. डोळा किंवा जबडा गमावलेल्या त्या माणसांची आठवण ठेवून तरी सीआरपी वाढला, एवढ्यावरून कुणी स्टेरॉइडची गोळी हातात ठेवली, तर ऑक्सिजन किती आहे आणि साखर किती आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

विषाणू लवकर गेला, असे सांगणारी बातमी

एखाद्या औषधाने किंवा जीवनसत्त्वाने विषाणू लवकर नाहीसा झाला आणि दाह घटला, अशा बातम्या अजूनही येतात. त्या वाचतानाही वरचेच तत्त्व वापरावे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या २०२० च्या एका छोट्या चाचणीत ड जीवनसत्त्व कमी असलेल्या, लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य असलेल्या कोविड रुग्णांना रोज ६०,००० एककांची मात्रा सात दिवस दिली. एकविसाव्या दिवसाआधी निगेटिव्ह झालेले रुग्ण औषध घेतलेल्या १६ पैकी १०, म्हणजे ६२.५ टक्के, आणि न घेतलेल्या २४ पैकी ५, म्हणजे २०.८ टक्के होते. फायब्रिनोजेन घटले, पण इतर दाहदर्शकांत तसा फरक पडला नाही. हे निरीक्षण प्रामाणिक आहे आणि पुढच्या अभ्यासाला दिशा देणारे आहे. परंतु त्यातून पीसीआर निगेटिव्ह होण्याचा वेग कळतो, ऑक्सिजन लागण्याची किंवा दगावण्याची शक्यता कमी झाली का, हे कळत नाही. ब्राझीलमधल्या २४० भरती रुग्णांवरील चाचणीत दोन लाख एककांची एकच मात्रा देऊन रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. दोन्हींतले रुग्ण आणि मात्रा वेगळ्या होत्या, हेही इथे सांगायला हवे.

याहून मोठा धडा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा आहे. मार्च २०२० मध्ये मार्सेलच्या एका अभ्यासाने सहाव्या दिवशी नाकातला विषाणू किती जणांत नाहीसा झाला, हे मोजून औषध गुणकारी ठरवले. औषध सुरू केलेल्या २६ पैकी सहा जण हिशेबातून गळले. त्यांतले तिघे अतिदक्षता विभागात गेले होते आणि एक दगावला होता. नंतर रिकव्हरी चाचणीत या औषधाने मृत्यू कमी होत नसल्याचे दिसले, आणि तो मूळ लेख डिसेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा अशी बातमी दिसली, की चाचणीत किती रुग्ण होते, ते किती आजारी होते, मध्येच गळलेल्यांचे काय झाले आणि शेवटी मोजले काय, हे चार प्रश्न विचारावेत.

रिपोर्टची वाट न पाहता केव्हा जावे

न्यूमोनियाची तीव्रता ठरवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सीआरबी-६५ या पद्धतीत फक्त चार गोष्टी आहेत : गोंधळलेली अवस्था, मिनिटाला तीस किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत घसरलेला, आणि वय पासष्ट किंवा अधिक. त्यात एकही दाहदर्शक नाही. घरी श्वास मोजताना रुग्णाला न सांगता, छाती वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजावे. मिनिटाला चोवीस किंवा अधिक श्वास किंवा ऑक्सिजन ९३ आणि त्याखाली असेल, तर आयसीएमआरच्या वर्गीकरणानुसार आजार मध्यम स्वरूपाचा झालेला असतो आणि तीसहून अधिक श्वास किंवा ९० च्या खाली ऑक्सिजन म्हणजे गंभीर. बोटाला नेलपॉलिश नसावी, हात गार नसावेत आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. बसून ठीक दिसणाऱ्या रुग्णाला घरातल्या घरात सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजावे. आकडा तीन किंवा अधिकने उतरला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आधीच दम लागत असेल, तर ही चालण्याची चाचणी करू नये.

डॉक्टरांकडे जाताना तो आखलेला कागद वर ठेवावा आणि मूळ रिपोर्ट तारखेच्या क्रमाने त्याखाली लावावेत. चालू गोळ्यांची पाकिटे, विशेषतः स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधे, सोबत न्यावीत. पुन्हा रक्त काढायला सांगितले, तर आदराने विचारावे की हा आकडा वाढला किंवा घटला, तर उपचारात काय बदल होईल. बदल होणार असेल, तर ती चाचणी जरूर करावी आणि शक्यतो आधीच्याच प्रयोगशाळेत करावी. काहीच बदलणार नसेल, तर तेच पैसे रुग्णाचा ऑक्सिजन मोजणाऱ्या चांगल्या यंत्रावर खर्च करावेत.